श्रद्धा या विषयावर सहभागी कलाकृती : एका तरुण चित्रकर्त्रीला उत्तर

कलाशिक्षण पूर्ण करून नुकतेच स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या एका चित्रकर्त्रीने विचारले आहे की, मुंबईतील निरनिराळ्या धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या लोकांना सोबत घेऊन श्रद्धा व अध्यात्म या विषयावर एक सहभागी कलाकृती कशी उभी करावी. त्यांची कल्पना अशी आहे की, दालनात एक कोरी भिंत ठेवायची, येणाऱ्या प्रत्येकाने ‘माझ्यासाठी देव म्हणजे काय’ हे चिठ्ठीवर लिहून तिथे लावायचे आणि महिनाभरात त्या चिठ्ठ्यांतून शहराच्या श्रद्धेचे चित्र तयार व्हायचे. त्यांच्या शंका तीन आहेत : याला कला म्हणावे की सत्संग, कोणाच्या भावना दुखावल्या तर काय करावे, आणि लोक खरोखर सहभागी होतील की फोटो काढून निघून जातील. लालबाग-परळच्या चाळींत, वांद्र्याच्या गावठाणात आणि काही कलादालनांत मी बरीच वर्षे अशी कामे करत आलो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

चिठ्ठ्यांची भिंत तुम्ही सोडून द्यावी, असे मला स्पष्टपणे वाटते. श्रद्धेविषयी मत विचारले की माणूस सावध होतो आणि चारचौघांत शोभेल असे लिहितो. ‘माणुसकी हाच धर्म’, ‘आईच माझा देव’ ही वाक्ये खोटी नसतात. परंतु ती लिहिताना लिहिणाऱ्याच्या आत काहीही हललेले नसते. शिवाय या शहरात चिठ्ठीवरचे नाव, लिपी, अगदी वाक्याची ठेवणसुद्धा जात आणि धर्म सांगून जाते, आणि पुढे येणारा माणूस आधीच्या चिठ्ठ्या वाचून आपली बाजू ठरवतो. भिंत भरते, पण ती मतदानाच्या निकालासारखी वाचली जाते.

मुंबईची श्रद्धा बोलण्यापेक्षा हातापायांत जास्त आहे. सोमवारी रात्री अनवाणी निघून मंगळवारच्या पहाटेपर्यंत सिद्धिविनायकाला पोहोचणारी मुले, माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला उभे राहणारे ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती, माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचा हात, पाय किंवा घर विकत घेऊन मातेपुढे ठेवणारे नवसकरी, ओहोटीची वेळ पाहून हाजी अलीच्या वाटेवर पाऊल ठेवणारे भाविक, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून परतताना शिवाजी पार्कातून पुस्तकांची पिशवी घेऊन जाणारी कुटुंबे : यांपैकी कोणालाही वाटेत थांबवून श्रद्धेची व्याख्या विचारली, तर ते गोंधळून जातील. त्यांना जे ठाऊक आहे ते चालण्यात, उभे राहण्यात, वाहण्यात आणि घेऊन जाण्यात आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, लोकांकडे मत मागू नका, त्यांना हाताने करायची एक कृती द्या आणि त्या कृतीतून जे तयार होईल त्याचे पुढे काय होणार आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरे बहुतांशी या दोन गोष्टींत आहेत.

कृती कशी निवडावी, हे एका कामाच्या आधारे सांगतो. परळमधल्या एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावरील सभागृहात आम्ही वाती वळण्याचे काम केले होते. वात निवडण्याचे कारण असे की ती देवघरात लागते, तशी मेणबत्तीच्या पोटातही असते आणि दर्ग्याच्या चिरागातही. आणि देव न मानणाऱ्याच्या घरीही वीज गेल्यावर तिची गरज पडत असे. जमिनीवर जाजम, गुडघे दुखणाऱ्यांसाठी बुटके स्टूल, मध्ये सरकीसकट कापसाचा ढीग आणि दुधाच्या लहान वाट्या, एवढीच मांडणी होती. ट्यूबलाइट बंद ठेवून आम्ही फक्त खिडक्यांच्या उजेडात बसत होतो. येणाऱ्याने अर्धा तास बसायचे, जमतील तितक्या वाती वळायच्या आणि जाताना स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या कोणीतरी वळलेल्या वाती घेऊन जायच्या. त्या कुठे लावायच्या, किंवा लावायच्याच की नाहीत, हे कोणी कोणाला विचारायचे नाही, एवढाच नियम होता.

चाळीतल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी माझी मांडणी बदलली. कापूस मध्ये ठेवला तर सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत राहतात आणि न येणारा लाजतो, असे म्हणून त्यांनी प्रत्येकापुढे वेगळा पुंजका ठेवायला लावला. फुलवात वळताना त्या कापसाचा तुकडा डाव्या तळहातावर चपटा पसरत, मधोमध चिमटीत धरून वर ओढत आणि दुधाचे बोट लावून टोक पिळत. लांब वातीसाठी मात्र बोटांना किंचित राख लावून घेत, म्हणजे कापूस सुटत नाही. शेजारी बसलेले निवृत्त गिरणी कामगार वात वळायला तयार नव्हते. ‘आजी, देवाचं काम मी करत नाही,’ असे त्यांनी सरळ सांगितले. आजी म्हणाल्या, ‘नका करू, सरकी तर काढून द्याल?’ मग ते सरकी काढू लागले. थोड्या वेळाने त्यांनी कापसाचा झुपका दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ओढला आणि तंतूची लांबी पाहून हा आखूड धाग्याचा माल आहे, असे सांगितले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात त्यांची नोकरी गेली होती आणि त्यानंतर त्यांनी कच्चा कापूस हातात धरला नव्हता. त्यानंतर ते रोज येऊ लागले, शेवटपर्यंत त्यांनी एकही वात वळली नाही, आणि तिथल्या प्रत्येक वातीतला कापूस त्यांच्या हातून गेला. माझ्या मते त्या कामातला सर्वांत खोल सहभाग त्यांचा होता. कृती निवडताना ही कसोटी लावावी : न मानणाऱ्याला तिच्यात मानाची जागा आहे का, आणि कौशल्य असलेला माणूस तिथे कलाकारापेक्षा मोठा ठरू शकतो का?

आणखी एक गोष्ट तिथेच समजली, ती कोणत्याही पाठ्यक्रमात मिळणार नाही. काही बायका दाराशी येऊन परत जात. पूजेला जाणारी वस्तू पाळीच्या दिवसांत हाताळायची नाही, हे त्यांच्या घरचे वळण होते. त्यांना ‘असं काही नसतं’ म्हणून समजावणे हा आमचा अधिकार नव्हता आणि त्यांना परत जाऊ देणेही योग्य नव्हते. आम्ही दाराशी सर्वांसाठी एकच वाक्य लावले की, इथल्या वाती पूजेसाठी म्हणून केलेल्या नाहीत, त्यांचा उपयोग नेणाऱ्याने ठरवावा. कोणालाही काही विचारावे लागले नाही आणि काही जणी आत येऊन बसल्या. हाजी अलीच्या मजारीपर्यंत स्त्रियांना जाता यावे यासाठी न्यायालयात जावे लागले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला. कोणाला कुठपर्यंत येता येते, हा प्रश्न श्रद्धेच्या प्रत्येक जागेत असतोच. श्रद्धेवरच्या कलाकृतीने त्याचे उत्तर भाषणातून न देता, उंबरठ्यापाशी केलेल्या व्यवस्थेतून द्यावे, असे मला वाटते.

आता कला की सत्संग, हा प्रश्न घेतो. सहभाग ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वारकरी कीर्तनात टाळकरी बुवांच्या मागे उभे राहून अभंग उचलून धरतात, वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला येणाऱ्या दिंड्यांत पावलीचा ठेका सर्वांना ठाऊक असतो, आणि लोकलच्या डब्यातली भजनी मंडळीसुद्धा अभंग कोणी धरायचा, गजर केव्हा करायचा आणि कोणत्या स्टेशनाला थांबायचे याचे नियम पाळतात. पाश्चात्त्य कलेत ब्राझीलच्या लिजिया क्लार्क आणि हेलिओ ऑयटिसिका यांनी १९६० च्या दशकात प्रेक्षकाच्या हातात वस्तू व अंगावर वस्त्रे देऊन असा प्रवास सुरू केला. यावरून आपल्याकडे हे सर्व आधीच होते, असा निष्कर्ष काढण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. फरक मूलभूत आहे. कीर्तनाचा शेवट सर्वांनी आधीच मान्य केलेला असतो, कथा कितीही वळणे घेवो, अखेरीस आरती होते आणि श्रोता ज्या निश्चयाने आला तोच अधिक पक्का करून घरी जातो. कलाकृतीने असा शेवट देऊ नये. तिने कृतीची शिस्त कीर्तनाइतकीच काटेकोर ठेवावी, पण अर्थ सहभागी होणाऱ्याच्या स्वाधीन करावा. तुम्ही मध्ये बसून त्या कृतीचा आध्यात्मिक अर्थ समजावू लागलात, डोळे मिटायला लावलेत, मंद संगीत लावलेत, तर तो सत्संग झाला. तो वाईट नव्हे, परंतु तो चालवण्याची पात्रता आणि जबाबदारी वेगळी असते. कलाकार म्हणून तुमची जबाबदारी रूपाची आहे : किती वेळ, कोणता उजेड, किती अंतर, कोणता आवाज, वस्तूचे वजन किती. हे ढिले सोडून ‘लोकच काम घडवतील’ असे म्हणणारी सहभागी कला मला आळशी वाटते.

रूपाच्या निर्णयातून अध्यात्म कसे उभे राहते, हे पाहण्यासाठी मुंबईच्याच कलाकार जितीश कल्लाट यांचे ‘पब्लिक नोटिस ३’ हे काम अभ्यासावे. स्वामी विवेकानंदांचे ११ सप्टेंबर १८९३ चे शिकागोचे भाषण ज्या वास्तूत झाले, तिथे आज असलेल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांनी ते भाषण २०१० मध्ये दिव्यांच्या अक्षरांत मांडले, आणि त्या अक्षरांसाठी अमेरिकी सरकारच्या दहशतवादविषयक धोक्याच्या इशाऱ्यांचे पाच रंग वापरले. ते भाषण आणि ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला यांत बरोबर १०८ वर्षांचे अंतर आहे. धर्मांधतेचा अंत व्हावा अशी आशा व्यक्त करणारे ते शब्द वाचायचे, तर प्रेक्षकाला एकेक पायरी चढावी लागते. त्याला कोणी काही लिहायला सांगत नाही. चढण्याचा श्रम आणि वाचन एकाच वेळी घडते, आणि इशाऱ्याचा रंग डोळ्यांत राहतो. सहभाग म्हणजे प्रेक्षकाने काहीतरी बनवलेच पाहिजे, हा समज यामुळे दूर व्हावा.

भावना दुखावण्याची भीती तुम्ही बाळगता, ती रास्त आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ (पूर्वीचे भारतीय दंड विधानाचे २९५ अ) धार्मिक भावनांचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान हा गुन्हा मानते आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. हेतू शुद्ध असला तरी तक्रार होऊ शकते, म्हणून कामाचा उद्देश, वापरायच्या वस्तू आणि वेळापत्रक यांचे साध्या मराठीतील एक पानी टिपण तयार ठेवावे, आणि सार्वजनिक जागा असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला व महापालिकेच्या विभाग कार्यालयाला ते आधी द्यावे. परंतु कायद्यापेक्षा मला दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. दुखावणे बहुतेकदा विषयामुळे होत नाही, वस्तू कशी हाताळली यामुळे होते. पवित्र ग्रंथाचे पान, मूर्तीवरचे वस्त्र, ताबीज, क्रूस यांना ‘साहित्य’ म्हणून हात लावू नका. दुसऱ्याच्या विधीची नक्कल करायला कोणाला सांगू नका. पारशी अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, तिथला अग्नी ‘अनुभवायला’ दालनात आणण्याचा मोह टाळावा. जी दारे त्या समाजाने बंद ठेवली आहेत, ती उघडून दाखवणे हे धाडस नव्हे. तारखा ठरवताना श्रावण, रमजान, लेंट (ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ) आणि पर्युषण यांचे दिवस पाहावेत, शुक्रवारची दुपार आणि रविवारची सकाळ मोकळी सोडावी, आणि चहाची वेळ अशी ठेवू नये की रोजा धरलेल्या माणसाला एकट्याने बाजूला बसावे लागेल.

संमतीचाही विचार इथेच करावा. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांनी २००२ च्या सुमारास मुंबईच्या लोकलमध्ये ‘ब्लेम’ या कामातल्या, कृत्रिम रक्ताच्या लाल बाटल्या प्रवाशांपुढे धरल्या; धर्म किंवा राष्ट्रीयत्व या माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टींवरून त्याला दोष देण्याची वृत्ती हा त्या कामाचा विषय होता. प्रवाशाने ती बाटली हातात घ्यायची की नजर वळवायची, हे ठरवेपर्यंतचा क्षण म्हणजेच ते काम होते, आणि नजर वळवण्याची मोकळीक असल्यामुळेच त्याला बळ होते. नकार देता येईल आणि नकाराची लाज वाटणार नाही, अशी जागा तुमच्या मांडणीत कुठे आहे, हे कागदावर आराखडा काढतानाच दाखवा. सरकी काढणारे आजोबा आपोआप बसले नाहीत. त्यांच्यासाठी सरकी काढण्याचे काम होते म्हणून बसले.

आता शेवटाविषयी लिहितो, कारण तरुण कलाकार सर्वाधिक दुर्लक्ष इथेच करतात. श्रद्धेने हाताळलेली वस्तू कार्यक्रम संपल्यावर कचरा होत नाही. चिठ्ठी असो, धागा असो, फूल असो, ज्याने ती ठेवली त्याच्या मनात ती ठेवलेलीच असते. गणेशोत्सवात महापालिका चौपाट्यांवर निर्माल्य कलश ठेवते, ते याच जाणिवेने. जपानी कलाकार योको ओनो १९९६ पासून जगभर ‘विश ट्री’ मांडत आल्या आहेत; लोक झाडाला इच्छा बांधतात, त्या इच्छा गोळा करून आइसलँडमधील विडे बेटावर २००७ मध्ये उभारलेल्या ‘इमॅजिन पीस टॉवर’ या प्रकाशस्तंभाकडे पाठवल्या जातात, आणि हे इच्छा बांधणाऱ्याला सांगितलेले असते. अमेरिकेतील कलाकार फेलिक्स गोन्झालेस-टोरेस यांनी १९९१ मध्ये एड्सने गेलेल्या आपल्या जोडीदाराच्या स्मरणार्थ १७५ पौंड, म्हणजे साधारण ८० किलो, गोड गोळ्यांचा ढीग मांडला आणि प्रेक्षकाने त्यातून एकेक उचलून खावी, असे ठरवले. ढीग घटतो आणि संस्था तो पुन्हा भरू शकते. आपल्याकडच्या माणसाला तो ढीग पाहताच प्रसाद आठवतो, पण इथे जे वाटले जात आहे ते त्या जोडीदाराच्या शरीराचे वजन आहे, हे कळल्यावर जिभेवरची गोडी बदलते. दोन्ही कामांत विल्हेवाट हाच कलाकृतीचा गाभा आहे. तुमच्या प्रस्तावात मात्र महिन्यानंतर त्या चिठ्ठ्यांचे काय होणार, याबद्दल एक ओळही नाही.

फोटोंचे म्हणाल तर बंदीची पाटी लावून उपयोग होत नाही. ज्याचे दोन्ही हात दुधाने ओले आणि कापसाने माखलेले आहेत, तो अर्धा तास फोन काढत नाही. कृतीच तेवढी व्यवस्था करते. तुम्ही स्वतःही प्रार्थनेत असलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. अनुदान देणाऱ्यांना पुरावा हवा असतो हे मला माहीत आहे, त्यांना हातांची, जागेची आणि तयार वस्तूंची छायाचित्रे द्यावीत.

जागेचा निर्णय मी कलादालनाच्या बाजूने देणार नाही. काळा घोड्याच्या परिसरातील दालनांत प्रवेश मोफत असला तरी दाराशी सुरक्षारक्षक पाहून परळच्या आजी आत शिरत नाहीत. आधी वस्तीत काम करा, आणि तिथे वेळ द्या. मुंबईच्या नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधील कोंडागाव येथे शांतीबाई, राजकुमार आणि गेसूराम या आदिवासी कलाकारांबरोबर काम करत आल्या. हातपंपांभोवती ‘नलपार’ आणि मुलांसाठी ‘पिला गुडी’ (मुलांचे देऊळ) ही बांधकामे त्या दीर्घ सहवासातून झाली : कळशी टेकवायला जागा कशी हवी, हे पाणी भरणाऱ्या बायकांच्या सोयीवरून ठरले. सहकाऱ्यांची नावे त्या कामाबरोबर येतात, याकडेही लक्ष द्यावे.

म्हणून सभागृह आरक्षित करण्यापूर्वी दोन कागद तयार करा. एकावर, तयार झालेल्या वस्तू कोण नेणार, उरलेल्या कुठे जाणार आणि त्या कोणाच्या हातून जाणार, हे लिहा. दुसऱ्यावर, हे काम पुढे कुठे दाखवले किंवा विकले गेले, तर ज्यांच्या हातून ते घडले त्यांची नावे कशी लागतील आणि पैशांतला वाटा त्यांना कसा मिळेल, हे लिहा. चाळीतल्या किंवा गावठाणातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांना हे कागद मोठ्याने वाचून दाखवा, आणि ते जिथे हरकत घेतील ते वाक्य तिथेच, त्यांच्यासमोर बसून बदला.